घासाचं बी घेऊन देगलूरपर्यंत

जयसिंगपूरला परत आले तर गल्लीतल्या बायकांनी पहिलं काय विचारलं? "नांदेडला गेला होतात ना, मग गुरुद्वारा बघितला का?" नाही बघितला. नांदेडला मुक्काम करूनही नाही बघितला. दुसरा प्रश्न, लातूरहून काय आणलंत? काहीच नाही. अहो, आम्ही आणायला गेलोच नव्हतो, विकायला गेलो होतो. एवढं सांगितलं की बायका एकमेकींकडे बघतात. पेन्शन घेणाऱ्या बाईनं मराठवाड्यात जाऊन काय विकावं, असं त्यांच्या मनात येतं, आणि ते बरोबरही आहे. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते, म्हणजे दारात उभं राहून पुन्हा पुन्हा सांगायला नको.

शिरूर अनंतपाळ

माझी नणंद महानंदा लातूर जिल्ह्यातल्या शिरूर अनंतपाळजवळच्या एका गावात दिली आहे. माझ्याहून लहान, तरी तोंडावर मी तिला वन्संच म्हणते. आमच्याकडची पोर, पण तीस वर्षांत बोलणं पार तिकडचं झालंय. फोनवर म्हणाली, "वैनी, लई दिवस झाले, या की." दसरा झाला होता, दिवाळीला अवकाश होता, मी निघाले.

तिच्या विहिरीजवळ अर्धा एकर लसूणघास आहे. गुरांचा हिरवा चारा. एकदा पेरला की कापत राहायचं, तो पुन्हा वाढत राहतो. महानंदा नुसता कापत नाही, बीही धरते. म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडाला कापणी थांबवायची, घासाला जांभळी फुलं येऊ द्यायची, मधमाश्या फिरू द्यायच्या, मग बारीक वळलेल्या शेंगा झोडपून राईएवढं बी काढायचं. ते महिने गाईला कोरडा कडबा खायला लागतो. गाय म्हणजे देवणी, पांढरी, काळ्या ठिपक्यांची, दावणीला उरलेली एकटी. बैल केव्हाच गेले. शेत आता ट्रॅक्टरनं होतं.

दर साली एक माणूस उन्हाळ्यात बांधावर येऊन बी घेऊन जायचा. यंदा तो आलाच नाही. चौकशी केली तर कळलं, तो आता पिशव्यांत भरलेला मुरघास विकायला लागलाय. तयार चारा, पिशवी फोडली की गुरांपुढे. बी कोण पेरत बसतंय?

बी पावसाळाभर घरात राहिलं. माझे नंदावे, म्हणजे महानंदाचे यजमान मन्मथअप्पा, मऊ बोलणारे, सकाळी लिंगपूजा झाल्याशिवाय पाणीसुद्धा न घेणारे. पण या बाबतीत त्यांचं ठरलं होतं. यंदा बी गेलं नाही तर घास नांगरायचा, तिथं सोयाबीन करायचं. आणि घास गेला की गाय सांभाळायची कशावर? तीही जाणार. महानंदानं मला हे सगळं भाकरी थापता थापता सांगितलं. "बी गेलं तर घास ऱ्हाईल, घास ऱ्हायला तर गाय ऱ्हाईल. माझ्या हातात एवढंच हाय बगा."

मी गोणीचं तोंड सोडून हात घातला. बी काय चकाकत होतं! पिवळंधमक, गुळगुळीत. मी म्हटलं, वन्सं, हे तर दागिन्यासारखं दिसतंय. ती खूश झाली. म्हणाली, पावसाळ्यात कीड लागू नये म्हणून एरंडेलाचा हात लावलाय, तुरीला लावतो तसा. आमच्याकडेही लावतात. घरच्या कडधान्याला एरंडेल चोळून ठेवणं ही काय नवलाची गोष्ट आहे?

आता घास पेरायचे दिवस होते. म्हटलं, चला, मी येते बरोबर. मला बाजारात बोलायला भीती वाटत नाही, उलट समोरच्याला वाटते, असं आमचे हे म्हणायचे.

लातूर

एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट, गोणीला मात्र कसली सवलत नाही. कंडक्टरशी त्यावरून माझं वाजलं. शेवटी त्यानं हात जोडले आणि पैसे घेतलेच. गोणीला खालून बारीक भोक पडलं होतं, हे अर्ध्या वाटेत लक्षात आलं. महानंदानं पदराचा कोपरा त्यात कोंबला आणि लातूरपर्यंत तशीच वाकून बसली.

लातूरला आडतीचा रस्ता सोयाबीनच्या गाड्यांनी भरलेला. यंदा काढणीच्या वेळीही पाऊस थांबला नाही, शेंगेतच दाणे भिजले, त्यामुळे मालाला कुबट वास येत होता. भाव ऐकून माणसं तोंड फिरवत होती आणि तरी माल घालत होती. आमच्याकडे ऊसवाले कारखान्याच्या नावानं निदान शिव्या तरी देतात. इथं कोणी आवाजसुद्धा काढत नव्हतं. मला ते बघून धसकाच बसला.

बियाण्याच्या मोठ्या दुकानात गेलो. काउंटरवर चकचकीत पाकिटं, त्यांवर हिरव्या हिरवळीचं चित्र. मला वाटलं, हेच आपलं गिऱ्हाईक. दुकानदार म्हणाला, हे लॉनचं बी, मंगल कार्यालयवाले आणि बंगलेवाले नेतात, बाहेरून येतं, मागू तो भाव मिळतो. जे गवत कोणी खाणार नाही त्याला भाव, आणि गाईच्या पोटात जाणाऱ्याला? माझं डोकं तिथंच तापलं, पण महानंदानं कोपर मारलं म्हणून गप्प बसले.

त्यानं आमचं चिमूटभर बी पांढऱ्या कागदावर घेतलं, अंगठ्यानं चोळलं आणि कागद उजेडाला धरला. कागदावर तेलाचा डाग. त्याचा चेहराच बदलला.

"ताई, ह्ये चमक देलेलं बी हाय. जुनं बी तेल लावून नवं करतेत, ते आमाला कळतंय."

महानंदाला आधी काही समजलंच नाही. मग तिनं समजावून सांगितलं, कीड लागू नये म्हणून, तुरीला लावतो तसं. तो ऐकत होता, पण दुसऱ्याच्या बिलाचे पैसे घेत ऐकत होता. घासाचं बी जुनं झालं की त्याचा रंग जातो, तांबूस पडतं, आणि उगवत नाही. मग लबाड लोक त्याला तेल चोळतात. या धंद्यात तेलाचा डाग म्हणजे चोरीचा ठसा. आणि आमच्या बाईनं पावसाळाभर मायेनं, कौतुकानं, मूठमूठ घेऊन तो ठसा स्वतः उमटवला होता. अगं बाई गं, असं झालं मला.

पुढच्या दुकानात आमच्या आधी आमची कीर्ती पोचली होती. फोन झाला असणार. गोणी उघडायच्या आधीच त्यानं नको म्हटलं. तिसऱ्यानं घेतो म्हटलं, पण गेल्या सालच्या निम्म्याहून कमी भावात, आणि तेही उपकार केल्यासारखं. महानंदा गोणीवर बसली आणि रडायला लागली. भर बाजारात. तिला विकलं गेलं नाही याचं दुःख नव्हतं. म्हणाली, "मला चोर म्हनले वैनी."

गंज गोलाईजवळच्या एका हॉटेलात मी तिला बळंच बसवलं. सुशीला मागवली. मुरमुरे भिजवून, पिळून, फोडणीला टाकायचे, वर दाण्याचं कूट. आम्ही जयसिंगपूरची माणसं, मुरमुऱ्याचं भडंग करून कुरकुरीत खाणारी. मुरमुरा भिजवायचा म्हणजे आम्हाला पापच वाटतं. पण खरं सांगते, चव चांगली होती. तेवढ्यात महानंदानं एक गोष्ट विचारली आणि माझा घास तोंडातच राहिला. तेलानं बी खरंच मेलं असेल तर?

नांदेड आणि उमरी

नांदेडला महानंदाची मुलगी असते. गोणी तिच्या घरी उतरवली. मी तिच्या स्वयंपाकघरातून एक जुना रुमाल मागितला, त्यात मूठभर बी बांधलं, ओलं केलं आणि डब्यात ठेवलं. मटकीला मोड आणतो तसंच. जिवंत असेल तर कळेल, मेलं असेल तर तेही कळेल. महानंदा म्हणाली, नको, मेलेलं निघालं तर? मी म्हटलं, मग नांगरा आणि मोकळ्या व्हा. जरा जास्तच बोलले. पण अशा वेळी माझं तोंड माझं ऐकत नाही.

दुसऱ्या दिवशी रेल्वेनं उमरीला गेलो. मुलीच्या सासरच्या ओळखीतला एक दूधवाला तिथं होता, चाळीसेक जनावरं सांभाळणारा. थोडं बी एका पिशवीत घेतलं, रुमालाचा डबाही बरोबर. गाडीच्या खिडकीतून कापूस दिसत होता, मधूनमधून पाणी साचून काळी पडलेली शेतं. महानंदा सारखा डब्याला हात लावून बघायची, जणू आत कोणी आजारी माणूस आहे.

दूधवाला माणूस भला. दूध घालून दाट चहा दिला, गोठा दाखवला. जनावरं मोजायला लागले तर निम्म्याहून जास्त खुंटे रिकामे. म्हणाला, दुधाला भाव न्हाई, पेंडीला भाव हाय, मग जनावर कोण ठेवणार? जी आहेत त्यांच्यासाठी त्यानं उंच वाढणारं हत्तीगवत लावलं होतं. त्याला बी लागत नाही, कांडी लावली की झालं, आणि कांडी शेजारी फुकट देतो. महानंदानं विचारलं, घासाचं दूध वेगळं येतं की न्हाई? तो म्हणाला, "येतंय की, मावशी. पन ते वेगळं दूध डेअरीवाला त्याच टाकीत वततोय."

त्यानं आमच्यासाठी गरम भाकरी, अंबाडीची भाजी आणि शेंगांची चटणी वाढली. अंबाडी आमच्याकडे क्वचितच, इथं मात्र कढईभर. आंबट, लसणाच्या फोडणीची, वर कच्चं तेल. मी दोनदा मागून घेतली. महानंदा भाकरीचे तुकडे करत बसली. निघताना त्यानंच सांगितलं, देगलूरला एक जुने सेठ आहेत, तीन राज्यांचं गिऱ्हाईक त्यांच्याकडे येतं, तिथं बघा.

संध्याकाळी नांदेडला परतल्यावर रुमाल सोडला. बी फुगलं होतं, पण मोड नव्हता. महानंदानं रुमाल परत बांधला आणि जेवायला आली नाही.

देगलूर

सकाळी डबा उघडला आणि मी ओरडलेच. पांढरे, दोऱ्यासारखे मोड! सगळ्यांना नाही, काही दाणे खड्यासारखे कडक राहिले होते, पण असं काही दाणे करतातच. बाकी रुमालभर जीव दिसत होता. महानंदा हसली. त्या साऱ्या प्रवासात ती तेवढीच एकदा हसली, म्हणून माझ्या लक्षात आहे.

गोणी उचलली आणि देगलूरची एस.टी. धरली. देगलूरचा बाजार म्हणजे कानांची कसरत. एका वाक्यात मराठी, कन्नड, तेलुगू तिन्ही, वर दखनी उर्दूची फोडणी. बस्वराजसेठ सत्तरीच्या पुढचे, कपाळावर विभूती, गादीवर मांडी घालून बसलेले. आमची गोणी बघून उठले आणि आम्हाला आधी पाणी दिलं. लातूरपासून एकाही दुकानात आम्हाला कोणी बसा म्हटलं नव्हतं.

मी काही बोलायच्या आधी महानंदानं रुमालच त्यांच्यापुढे उघडला. त्यांनी मोड तळहातावर घेतले, चष्मा वर करून बघितले. मग गोणीतलं बी चोळलं, बोटांचा वास घेतला.

"तेल कुनी लावलं, अक्का?"

"मीच. किडीसाठी."

ते म्हणाले, आमच्या अव्वाही तुरीला लावायच्या. झालं. तीन दुकानांत जे कोणाला पटलं नाही, ते त्यांना आईच्या आठवणीनं पटलं. मला त्या म्हाताऱ्याच्या पाया पडावंसं वाटलं. ते म्हणाले, बी जितं हाय, चांगलं हाय. आणि त्यांनी भाव सांगितला. गेल्या सालचा, पुरा. महानंदानं माझा हात दाबला.

मग ते आम्हाला मागच्या गोदामात घेऊन गेले. भिंतीला लावून पोती रचलेली, सगळ्यांत घासाचंच बी. त्यांनी एका पोत्यात हात घालून मूठ दाखवली. तांबूस, मेलेल्या रंगाचं. मागं कधी चाऱ्याची ओरड होणार म्हणून भरून ठेवलं, मग पाऊस पडत गेला, जनावरं विकली गेली, आणि बी तिथंच राहिलं. सेठ काही लपवत नव्हते. शांतपणे सांगत होते, गूळ-साखरेचं सांगावं तसं. आमचं बी त्यांना एवढ्यासाठी हवं होतं. या पोत्यांत थोडं थोडं मिसळलं की काही तरी उगवतं, आणि पोतं खपतं.

महानंदानं विचारलं, आमचं निवळ बी वेगळं नाही का विकणार? सेठ म्हणाले, निवळ बियाचा भाव देणारं गिऱ्हाईक आता येत नाही, स्वस्त मागतेत.

"आन् उगवलं न्हाई तर?" तिनं विचारलं.

"मग म्हणतेत पाऊस कमी पडला, मुंग्या लागल्या. बियाला कुनी बोलत न्हाई, अक्का."

माझ्या अंगाची लाही झाली. तेल लावून जुनं नवं करता म्हणून ज्या बाईला चोर ठरवलं, तिच्याच जित्या बियानं आता हा मेलेलं खपवणार. मी म्हटलं, वन्सं, उठा. इथं एक दाणा द्यायचा नाही. चांगलं ठणकावून म्हटलं, बाहेरच्या हमालांनाही ऐकू गेलं असेल.

महानंदा उठली नाही. ती माझ्याकडे बघून हळू म्हणाली, "वैनी, उठून कुठं जायाचं ते सांगा."

लातूर झालं, उमरी झालं. पुढे गाव नव्हतं. इतकी वर्षं मी लोकांना उठा, चला, असं कसं, तसं कसं म्हणत आले, आणि त्या दिवशी माझ्याजवळ पत्ता नव्हता. मला स्वतःचा संताप आला. तिनं सेठना मान हलवून हो म्हटलं. काट्यावर गोणी चढली. सेठनी काट्यात खोट केली नाही, पैसे हातात दिले, वर चहा पाजला. मी चहा घेतला नाही. महानंदानं घेतला, संपवला आणि कप विसळून ठेवला.

परतीला उदगीरला गाडी बदलली. तिथं दुधाचा खवा चांगला मिळतो म्हणतात. आम्ही नाही घेतला. घरी यायला दिवस मावळला.

पुन्हा शिरूर अनंतपाळ

मन्मथअप्पांना पुरा भाव मिळाल्याचं ऐकून किती आनंद झाला! ओट्यावर बसून त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं. लातूरवाल्यांना नाही कळलं, देगलूरवाल्यानं ओळखलं आमचं बी. महानंदा आत भाकरी करत होती. मी तिच्याजवळ पाटावर बसले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारचे भीमराव आले. त्यांनी नुकत्याच दोन म्हशी घेतल्या होत्या आणि त्यांना घास पेरायचा होता, विहिरीला पाणी आहे तोवर. अप्पा म्हणाले, मग विचार कसला करता, देगलूरला जा, त्या सेठकडं आमचंच बी हाय, डोळे झाकून आना. भीमराव म्हणाले, वहिनीच्या हातचं असलं तर चिंताच नको, उद्याच निघतो.

महानंदा दारात येऊन उभी राहिली. पिठाचे हात तसेच.

"तिथलं बी आनू नका, भावजी. त्यात माझं मूठभर हाय. बाकीचं मेलंय."

भीमरावांना काही उमजेना. अप्पांनी तिच्याकडे बघितलं. "तुला ठावं हुतं?"

"हाव. ठावं असूनच इकलं."

एवढंच. तिनं कारणं सांगितली नाहीत, गाईचं नाव काढलं नाही, माझ्याकडेही बघितलं नाही. मीच मध्ये पडून लातूरचं, तेलाचं, रिकाम्या खुंट्यांचं सगळं सांगून टाकलं, वकिलासारखं. भीमराव चपला घालत म्हणाले, बरं झालं सांगितलं, नाहीतर म्हशी उपाशी मेल्या असत्या. ते रागानं नाही बोलले, पण महानंदाच्या मनाला काय झालं ते मला दिसलं. अप्पा उठून शेताकडे गेले.

मला वाटलं, आता घरात भांडण होणार. झालं नाही. अप्पा ओरडणाऱ्यांतले नाहीतच. सकाळी पूजा झाली, त्यांनी विभूती लावली, आणि चुलीपाशी येऊन बायकोला नीट विचारलं. घासाचं काय करायचं? बी तर गेलंय, म्हणजे बोलल्याप्रमाणे घास ठेवायचा. ठेवायचा का?

"नांगरा," महानंदा म्हणाली.

मी न राहवून म्हटलं, अहो वन्सं, मग हे सगळं कशासाठी केलं? आणि गाय?

तिनं तव्यावरची भाकरी उलटली.

"गाईसाठीच इकलं, वैनी. पन घास ठिवायचा तर उन्हाळ्यात पुन्हा बी धरून इकावंच लागंल, आन् ते घेनारा मानूस तेवढा एकच हाय."